हात लावल्याखेरीज न कळणारी माती

चंद्राचे किंवा एखाद्या लघुग्रहाचे छायाचित्र समोर आले की नजर आधी विवरांकडे, कड्यांकडे आणि मोठाल्या शिळांकडे जाते. मला मात्र गेल्या काही वर्षांत त्यांच्या मधल्या करड्या, वरवर पाहता रिकाम्या जागांचे आकर्षण अधिक वाटू लागले आहे. धूळ, वाळू, खडे आणि दगडांचे तुकडे यांचा जो सैल थर तिथे पसरलेला असतो, त्याला रेगोलिथ म्हणतात. यानाचे पाय याच थरावर टेकतात, नमुने बहुधा याच थरातून येतात आणि दुर्बिणीतून दिसणारा प्रकाशही बहुतांशी याच थरावरून परावर्तित झालेला असतो. तरीही दुरून बांधलेले अंदाज या थराने इतक्या वेळा खोटे पाडले आहेत, की प्रत्यक्ष हात लावल्याखेरीज त्याचा स्वभाव कळत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे.

चंद्रावर हा थर घडवायला ना पाणी आहे, ना वारा. अब्जावधी वर्षे उल्का आदळत राहिल्या, खडक फुटले, फुटलेले तुकडे पुन्हा फुटले आणि त्यातून सागरी प्रदेशांत, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या गडद मैदानांत, सुमारे चार-पाच मीटर, तर जुन्या उंच प्रदेशांत दहा-पंधरा मीटर जाडीचा थर साचला. यात मोठ्या आघातांपेक्षा सूक्ष्म उल्कांची कामगिरी मला अधिक विलक्षण वाटते. धुळीच्या कणाएवढी उल्का सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने येते, जिथे आदळते तिथली इवलीशी माती क्षणात वितळवते, आणि ते द्रव्य थिजताना आजूबाजूचे कण स्वतःत अडकवून टाकते. असा कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर काळसर काचेचा वेडावाकडा गोळा दिसतो, आतून बुडबुड्यांनी पोखरलेला, कडांना धार असलेला आणि अंगभर खडकाच्या कपच्या चिकटलेला. एखादी माती पृष्ठभागावर किती काळ उघडी पडून होती, याचा अंदाज अशा कणांच्या प्रमाणावरूनही बांधता येतो.

या धारदार कणांना घासून गोल करणारे कोणतेही प्रवाह चंद्रावर नसल्याने ते एकमेकांत अडकून बसतात, आणि म्हणूनच अपोलोच्या अंतराळवीरांच्या बुटांचे ठसे एवढे रेखीव उमटले. चंद्राचे सागरी प्रदेश धुळीच्या जाड थराने भरलेले असावेत, अशी मांडणी खगोलशास्त्रज्ञ थॉमस गोल्ड यांनी १९५५ मध्ये केली होती, आणि यान त्या धुळीत बुडेल ही धास्ती १९६६ मध्ये सोव्हिएत लुना ९ आणि अमेरिकेचे सर्व्हेयर १ ही याने सुखरूप उतरेपर्यंत पुरती सरली नव्हती. प्रत्यक्षात अडचण आली ती उलट बाजूने. वरचे काही सेंटिमीटर मऊ होते, पण त्याखालची माती युगानुयुगांच्या हादऱ्यांनी इतकी घट्ट दबलेली होती, की अपोलो ११ च्या अंतराळवीरांना नमुन्याची नळी हातोडीने ठोकूनही फार खोल नेता आली नाही. २०२३ मध्ये चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरवरील चॅस्टे या उपकरणाने मातीत खुपसलेल्या शलाकेने तापमान मोजले, तेव्हा पृष्ठभाग आणि अवघे आठ सेंटिमीटर खोली यांच्यात सुमारे ६० अंश सेल्सिअसचा फरक आढळला. हवा नाही आणि कण एकमेकांना मोजक्या बिंदूंवरच टेकलेले, त्यामुळे उष्णतेला खाली उतरायला वाटच मिळत नाही.

लघुग्रहांच्या बाबतीत रंगाचे कोडे दीर्घकाळ सुटत नव्हते. पृथ्वीवर पडणाऱ्या अशनींमध्ये सर्वाधिक आढळणारे सामान्य कॉन्ड्राइट हे दगडी अशनी नेमके कुठून येतात, हे ठरवताना एस प्रकारच्या, म्हणजे दगडी लघुग्रहांवर संशय होता, पण त्यांचा वर्णपट अशनींशी जुळत नसे; लघुग्रह अधिक गडद आणि लालसर दिसत. जपानच्या हायाबुसा यानाने २००५ मध्ये इटोकावा या लघुग्रहाला स्पर्श केला आणि २०१० मध्ये तिथले दीड हजारांहून अधिक बारीक कण पृथ्वीवर पोहोचवले. त्या कणांची रचना अशनींशी जुळली, आणि त्यांच्या कडेच्या अतिशय पातळ थरात लोहाचे नॅनोमीटर आकाराचे कण सापडले. सौर वारा, म्हणजे सूर्याकडून सतत वाहणारे विद्युतभारित कण, आणि सूक्ष्म उल्का यांच्या माऱ्याने तयार झालेला हा पातळ थरच रंग बदलत होता. मोहिमेतील अनेक बिघाडांनंतर हाती आलेली ती चिमूटभर धूळ माझ्या दृष्टीने ग्रहविज्ञानातील मोठ्या प्राप्तींपैकी एक आहे.

बेन्नूची कथा याहून नाट्यमय आहे. सुमारे अर्धा किलोमीटर व्यासाचा हा लघुग्रह सूर्यप्रकाशात किती लवकर तापतो आणि निवतो, हे दुर्बिणींनी मोजले होते आणि त्यावरून तिथे बारीक खडीची सपाट मैदाने असावीत असा निष्कर्ष काढला होता. नासाचे ओसायरिस-रेक्स यान डिसेंबर २०१८ मध्ये पोहोचले तेव्हा सर्वत्र शिळाच शिळा दिसल्या. त्या शिळा स्वतःच सच्छिद्र असल्यामुळे बारीक मातीप्रमाणे झटपट तापत आणि निवत होत्या. मोजमाप बरोबर होते, अर्थ मात्र चुकला होता. ५० मीटर रुंदीच्या मोकळ्या जागेत उतरण्याची आखणी केलेल्या यानाला अखेर सुमारे १६ मीटर रुंदीची जागा निवडावी लागली.

२० ऑक्टोबर २०२० रोजी यानाने आपला लांब हात खाली टेकवला आणि नायट्रोजन वायूचा झोत सोडला. पृष्ठभाग यानाला थोडाफार तरी अडवेल अशी अपेक्षा होती. परंतु हाताचे टोक जवळजवळ विनाअडथळा आत शिरत गेले, आणि उलट दिशेची इंजिने पेटून यान मागे फिरेपर्यंत ते सुमारे अर्धा मीटर खोल गेले होते. इंजिने पेटली नसती तर यान आणखी खाली जात राहिले असते. बेन्नूवरचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक लाखाव्या भागाइतकेही नाही, त्यामुळे वरच्या थराचे वजन खालच्या थराला दाबून घट्ट करत नाही. कणांना धरून ठेवणारे परस्परांतील आकर्षणही तिथे अत्यंत क्षीण निघाले. एवढ्या हलक्या स्पर्शाने आणि झोतांनी तिथे सुमारे आठ मीटर रुंदीचा खड्डा पडला. सप्टेंबर २०२३ मध्ये पृथ्वीवर परतलेल्या कुपीतून १२१.६ ग्रॅम नमुना मिळाला, आणि त्यातील अमिनो आम्लांविषयी पुष्कळ लिहिले गेले. मातीच्या त्या न अडवण्याविषयी त्या मानाने फार कमी लिहिले गेले, याची मला खंत वाटते.

मंगळाने याच्या नेमका उलटा धडा दिला. नासाच्या इनसाइट मोहिमेतील जर्मन बनावटीचा, स्वतःला ठोकत खाली जाणारा उष्णतामापक खिळा पाच मीटरपर्यंत पोहोचणे अपेक्षित होते. प्रत्येक ठोक्याचा मागे बसणारा धक्का शोषायला भोवतालच्या सैल वाळूचे घर्षण लागत होते. पण तिथला वरचा थर चिकटून कडक झालेला होता. खिळ्याभोवतीची वाळू ढासळून त्याला धरण्याऐवजी पोकळी तशीच उभी राहिली आणि खिळा जागच्या जागी नाचत राहिला. फेब्रुवारी २०१९ मध्ये ठोकणे सुरू झाल्यानंतर यंत्रहाताने बाजूने दाबणे, वरून दाबणे असे अनेक उपाय झाले, तरी जवळपास ४० सेंटिमीटर लांबीचा तो खिळा जेमतेम जमिनीत गाडला गेला आणि जानेवारी २०२१ मध्ये प्रयत्न थांबवण्यात आले.

पृथ्वीवर येऊ पाहणाऱ्या लघुग्रहाला ढकलण्याचा प्रश्न आला की हा स्वभाव जाणणे निकडीचे ठरते. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचे डार्ट यान डिडिमॉस या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या डायमॉर्फोस या छोट्या लघुग्रहावर सेकंदाला सहा किलोमीटरहून अधिक वेगाने मुद्दाम आदळवले गेले आणि डायमॉर्फोसचा परिभ्रमणकाळ सुमारे ३३ मिनिटांनी घटला. यानाच्या स्वतःच्या धक्क्यापेक्षा मोठा वाटा उसळून मागे फेकल्या गेलेल्या द्रव्याच्या प्रतिक्रियेचा होता. किती द्रव्य उसळेल, हे मात्र त्या थराच्या घट्टपणावर, सच्छिद्रतेवर आणि त्यातील शिळांच्या आकारावर अवलंबून असते, त्यामुळे दुसऱ्या लघुग्रहावर हाच धक्का कितपत परिणामकारक ठरेल हे एका प्रयोगावरून सांगता येत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेले युरोपचे हेरा यान त्या आघाताची जागा जवळून तपासणार आहे. तिथे नीटस विवर उरले आहे, की आघाताने डायमॉर्फोसचा आकारच बदलला आहे, हे त्या मोजणीतून कळेल, आणि दोन्हींपैकी काय आढळते त्यावर त्या मातीच्या ताकदीचे आजवरचे सगळे हिशेब पुन्हा मांडावे लागतील.