लिफ्ट केलेल्या जिमनीचे अलाइनमेंट : टो हिरवा झाला, पुढे काय?

मारुती सुझुकीच्या जिमनीला दोन इंचांची लिफ्ट बसवली, म्हणजे उंच स्प्रिंग घालून गाडी वर उचलली, की बहुतेक मालक ती थेट अलाइनमेंटच्या दुकानात नेतात. पडद्यावर टोचे (वरून पाहता चाके किती आत किंवा बाहेर वळली आहेत त्या कोनाचे) आकडे हिरवे झाले आणि स्टीअरिंग सरळ दिसू लागले की काम संपले असे मानले जाते. मग पुणे-सातारा रस्त्यावर ताशी ८० च्या वेगाला गाडी किंचित डावी-उजवीकडे भरकटते, शेजारून ट्रक गेला की तिला पुन्हा पुन्हा सावरावे लागते, खंबाटकीतले वळण संपले तरी स्टीअरिंग आपणहून मध्यावर येत नाही, आणि मालक त्याच दुकानात जाऊन पुन्हा टो तपासून घेतो. टो बरोबरच असतो. लिफ्टमुळे बिघडलेला असतो तो कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे असलेला झुकाव, आणि तो त्या दुकानात दुरुस्त होत नाही, कारण या गाडीत कॅस्टर बदलण्याची सोय कंपनीने दिलेलीच नाही.

हे समजण्यासाठी गाडीची बांधणी पाहावी लागते. २०२३ मध्ये भारतात आलेल्या पाच दारांच्या जिमनीला शिडीसारखी चॅसी आहे आणि पुढे-मागे अखंड ॲक्सल (डावे-उजवे चाक जोडणारे आडवे आस) कॉइल स्प्रिंगवर बसवलेले आहेत. पुढचा ॲक्सल दोन रेडियस आर्म, म्हणजे ॲक्सलपासून मागे चॅसीकडे जाणारे दांडे, धरून ठेवतात. प्रत्येक आर्म ॲक्सलला दोन बुशांनी (जोडातल्या रबरी नळ्यांनी) घट्ट जोडलेला असतो आणि त्याचे मागचे टोक चॅसीला एका बुशावर फिरते. उंच स्प्रिंग बसवले की चॅसी वर जाते, आर्मचे मागचे टोक तिच्याबरोबर उचलले जाते आणि संपूर्ण ॲक्सल पुढच्या बाजूला कलंडतो. ज्या अक्षाभोवती चाक वळते तो किंगपिनचा अक्ष मूळ रचनेत वरच्या बाजूने मागे झुकलेला असतो, सायकलचा पुढचा चिमटा झुकलेला असतो तसाच, आणि त्या झुकावामुळेच चाक सरळ राहू पाहते. ॲक्सल कलंडला की हा झुकाव कमी होतो. हिशेब अवघड नाही. आर्मची लांबी ७०० मिमी धरली आणि गाडी ५० मिमी उचलली, तर साधारण ४ अंश जातात. कॅस्टर मुळातच मोजक्या अंशांचा असतो, त्यामुळे ४ अंश गेल्यावर हाती फारसे काही उरत नाही.

कॅस्टर कमी झाल्यावर स्टीअरिंग हलके होते, आणि पहिल्या काही दिवसांत हा हलकेपणा सुखद वाटतो. शहरात गाडी लावताना तर तो सोयीचाच वाटतो. मात्र सरळ रस्त्यावर मध्यबिंदूच्या आसपास हाताला काहीच जाणवत नाही, आणि चाके नेमकी कुठे वळली आहेत हे स्टीअरिंग सांगेनासे होते. इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंगची मोटर चाक मध्यावर आणायला थोडी मदत करते, त्यामुळे कमी वेगात हा दोष झाकला जातो. म्हणून दुकानाच्या गल्लीत मारलेल्या चकरीवर विश्वास ठेवू नये आणि गाडी मोकळ्या रस्त्यावर नेऊनच पाहावी.

उपाय तीन आहेत आणि तिन्हींची किंमत वेगवेगळ्या ठिकाणी मोजावी लागते. पहिला उपाय म्हणजे रेडियस आर्मच्या ॲक्सलकडील टोकात भोक मध्यापासून सरकलेले कॅस्टर बुश बसवणे. ते स्वस्त पडतात, पण प्रेसवर अचूक दिशेने बसवावे लागतात. दोन्ही आर्ममध्ये दिशा तंतोतंत सारखी नसेल तर ॲक्सलला पीळ बसतो. शिवाय पॉलियुरेथेनचे कडक बुश मूळ रबराइतके मुरडत नाहीत, त्यामुळे खडकाळ वाटेवर एक चाक वर आणि दुसरे खाली जाण्याची मुभा कमी होते. दुसरा उपाय चॅसीकडील टोक खाली आणणाऱ्या ब्रॅकेटचा. त्याने आर्मचा मूळ कोन परत मिळतो, खड्ड्यांवरची चालही सुधारते, पण ब्रॅकेट पुढच्या चाकांच्या मागे खाली लोंबतात आणि सह्याद्रीतल्या दगडी वाटांवर तेच आधी आपटतात. ज्या उंचीसाठी लिफ्ट केली तीच तेथे गमवावी लागते. तिसरा उपाय, म्हणजे कोन सुधारून बनवलेले नवे आर्म, महाग असला तरी मला सर्वांत पसंत आहे, कारण त्यात मूळ रबरी बुशही टिकतात आणि खाली काही लोंबत नाही. या सगळ्यांत एक मर्यादा ध्यानात ठेवावी. कॅस्टर वाढवण्यासाठी ॲक्सल मागे झुकवला की डिफरन्शियलचे (ॲक्सलवरील गिअरच्या गोळ्याचे) तोंड खाली जाते आणि त्याला ताकद पोचवणाऱ्या पुढच्या प्रॉपेलर शाफ्टच्या जॉइंटचा कोन वाढतो. गेलेला प्रत्येक अंश परत मिळवण्याच्या नादात फोर व्हील ड्राइव्हमध्ये थरथर ओढवून घेण्यापेक्षा एखादा अंश सोडून दिलेला चांगला.

आता स्टीअरिंगच्या मध्याविषयी, कारण सर्वाधिक नुकसान मला येथे दिसते. लिफ्टनंतर ड्रॅग लिंक (स्टीअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) आणि पॅनहार्ड रॉड (चॅसी आणि ॲक्सल यांमधला आडवा दांडा) यांचे कोन बदलतात, आणि गाडी सरळ धावत असताना स्टीअरिंग तिरके दिसू लागते. काही कारागीर अशा वेळी स्टीअरिंग व्हील काढून दोन-चार दाते फिरवून पुन्हा बसवतात. दिसायला सगळे सरळ होते, परंतु जिमनीचा स्टीअरिंग बॉक्स बॉल-नट पद्धतीचा आहे, आणि अशा बॉक्समधील दातांची पकड अगदी मध्यावर सर्वांत घट्ट ठेवलेली असते. व्हील उपटून बसवले की गाडी सरळ जात असताना बॉक्स मध्यापासून हललेलाच राहतो, म्हणजे घट्ट पकडीची जागा सरळ रस्त्यावर कधीच वापरली जात नाही. हाताला ढिलाई जाणवते आणि एका बाजूला वळण कमी मिळते. योग्य रीत अशी की चाके जमिनीवरून उचलावीत, ड्रॅग लिंक सोडवावी, स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून एकूण फेरे मोजावेत, त्याच्या बरोबर निम्म्यावर ते थांबवावे, चाके सरळ धरावीत आणि मग ड्रॅग लिंकची लांबी जुळवून ती परत जोडावी. या गाडीत ईएसपी, म्हणजे घसरणारी गाडी ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा, आहे. स्टीअरिंगच्या कोनाचा सेन्सर तिरकेपणाला वळण समजला, तर सरळ रस्त्यावरही ईएसपी ब्रेक लावू शकते. त्यामुळे शेवटी स्कॅनरवर सेन्सरचा शून्य तपासून घ्यावा.

पॅनहार्ड रॉड ॲक्सलला आडवा धरून ठेवतो. गाडी उचलल्यावर ॲक्सल काही मिलिमीटर एका बाजूला सरकतो, आणि लांबी बदलता येणारा रॉड बसवून तो परत मध्यावर आणता येतो. रॉड आणि ड्रॅग लिंक मात्र एकमेकांना समांतर राहिलेच पाहिजेत. एकाच्या टोकाचा ब्रॅकेट उंच केला आणि दुसऱ्याला हात लावला नाही, तर प्रत्येक खड्ड्यात ॲक्सल एका वर्तुळात आणि ड्रॅग लिंक दुसऱ्या वर्तुळात फिरते आणि स्टीअरिंग हातात आपोआप वळते.

ठरावीक वेगाला खड्डा लागला की पुढची चाके जोरजोरात फडफडू लागणे, हा वेगळा आणि धोक्याचा प्रकार आहे. त्यावर जाड स्टीअरिंग डॅम्पर लावणे म्हणजे लक्षण दाबणे. आधी चाकांचे बॅलन्सिंग, पॅनहार्डचे बुश आणि व्हील बेअरिंग पाहावेत. त्यानंतर किंगपिनच्या बेअरिंगचा ताण पाहावा. टाय रॉड (दोन्ही चाके जोडणारा दांडा) आणि ड्रॅग लिंक सोडवून नकल (किंगपिनभोवती चाकासह वळणारा भाग) स्प्रिंगकाट्याने ओढला की किती जोर लागतो ते कळते. जोर फारच कमी लागत असेल तर शिम (पातळ चकत्या) काढून ताण वाढवावा लागतो.

टो मात्र घरीही तपासता येतो. अखंड ॲक्सलमध्ये टाय रॉड दोन्ही चाकांना थेट जोडतो, त्यामुळे केवळ लिफ्टने टो फारसा बदलत नाही. सपाट फरशीवर गाडी थोडी पुढे ढकलून थांबवावी, टायरच्या मधोमध खडूची रेघ ओढावी आणि ॲक्सलच्या उंचीवर पुढच्या व मागच्या बाजूचे अंतर टेपने मोजावे. मूळ १९५/८० आर १५ टायरचा व्यास ६९३ मिमी असल्याने २ मिमीचा फरक म्हणजे जेमतेम १० कला (६० कला म्हणजे एक अंश). मोठे टायर घातले तर तोच कोन मिलिमीटरमध्ये थोडा जास्त दिसतो, म्हणून दुकानदाराशी बोलताना कोनाचीच भाषा वापरावी.

२०२० च्या महिंद्रा थारमध्ये पुढे अखंड ॲक्सलऐवजी डबल विशबोन (प्रत्येक चाकाला स्वतंत्र दोन आर्म) असल्यामुळे तेथे हे गणित बदलते. उंची वाढवली की कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर झुकाव) आणि टो दोन्ही हलतात, त्यामुळे त्या गाडीला लिफ्टनंतर संपूर्ण अलाइनमेंट लगेच करावेच लागते.

जिमनीत काम संपवताना रेडियस आर्म आणि पॅनहार्ड रॉडचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळून घ्यावेत. जॅकवर लोंबत असताना ते आवळले तर रबरी बुश त्याच स्थितीत जखडतात, गाडी खाली आल्यावर कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. स्प्रिंग नवे असताना थोडे बसतात, म्हणून काही शे किलोमीटर झाल्यावर टायरची हवा सारखी करून, विंच किंवा जड बंपर लावायचे असतील तर ते लावूनच, कॅस्टरसह सगळे आकडे पुन्हा मोजून घ्यावेत.