राजा खरंच तसा दिसायचा का?

मध्ययुगीन युरोपातल्या राजनीतीच्या हस्तलिखितांत राजांची चित्रं असायची; त्यांच्याबद्दल बोलायला लागलं की कुणीतरी हा प्रश्न विचारतंच. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

बहुतेक चित्रांत राजा ओळखायचा तो मुकुट, राजदंड आणि ढालीवरच्या चिन्हांवरून. फ्रान्सचा पाचवा चार्ल्स मात्र चेहऱ्यावरून ओळखू येतो. लांब नाक, बारीक चण. चित्रकार जाँ बोंदोलने एका बायबलात त्याला मुकुटाशिवाय, विद्वानाच्या साध्या टोपीत बसवलंय.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की चित्र कुणी पाहायचं होतं? ग्रंथ राजाच्या हाती जायचा. पान उघडलं की समोर तो स्वतःच, आणि आपण कसं असावं याची अपेक्षाही तिथेच रंगवलेली.

इंग्रज विद्वान जॉन ऑफ सॉल्सबरीचा ‘पोलिक्रॅटिकस’ हा राज्यकारभारावरचा लॅटिन ग्रंथ ११५९ च्या सुमाराचा. अडाणी राजा म्हणजे मुकुट घातलेलं गाढव, हे वचन त्यात येतं. चार्ल्सने १३७२ मध्ये तो दनी फुलशा या फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिसच्या पंथातल्या) ख्रिस्ती साधूकडून फ्रेंचमध्ये आणवला. त्याच्या पहिल्या चित्रात चार्ल्स फिरत्या ग्रंथपीठापुढे बसलाय, बोट उघड्या पानावर, वरून देवाचा हात आशीर्वाद देतोय. तलवार नाही, घोडा नाही. त्याचा बाप प्वातिएच्या लढाईत १३५६ मध्ये इंग्रजांच्या कैदेत गेला होता, हे लक्षात घेतलं की या वाचणाऱ्या राजाचं वजन कळतं. राज्य अकलेनं राखायचं, असं ते चित्र उघड म्हणतं. मला तरी याहून धीट राजचित्र माहीत नाही.

दुसरं उदाहरण १३९५ चं. फ्रान्स आणि इंग्लंडमधलं लांबलेलं युद्ध थांबावं म्हणून वृद्ध फ्रेंच मुत्सद्दी आणि लेखक फिलिप द मेझियेरने इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्डला एक लांबलचक पत्र लिहिलं. त्याच्या हस्तलिखितातल्या चित्रात सिंहासनावरच्या रिचर्डपुढे फिलिप गुडघे टेकून हेच पत्र ग्रंथरूपात देतोय. समोरच्या पानावर फ्रान्सचा आणि इंग्लंडचा मुकुट, आणि दोन्हींच्या मधे ख्रिस्ताचा काटेरी मुकुट. रिचर्डचं नाक कसं होतं, याच्याशी चित्रकाराला फारसं देणंघेणं नाही. लढाई थांबव, एवढं त्याला सांगायचंय. एका पत्रानं युद्ध थांबत नसतं, पण दोन्ही दरबारांत तेव्हा तहाचीच बोलणी चालू होती. पुढच्याच वर्षी २८ वर्षांची युद्धबंदी ठरली आणि रिचर्डने फ्रान्सच्या तेव्हाच्या राजाच्या, सहाव्या चार्ल्सच्या, लहानग्या मुलीशी, इझाबेलाशी, लग्न केलं.