घरामागचा डोंगर आणि साडेआठची वेळ

डोंगर स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो, हेच मुळात नडलं. लांब जायचं असतं तर आदल्या रात्री सॅक भरून ठेवली असती आणि पहाटे पाचला बाहेर पडलो असतो. इथे मात्र ‘हा काय, घरामागेच तर आहे’ करत पायथ्याशी पोचायला साडेआठ वाजले.

वसंत संपत आला होता. खालच्या झाडांची पालवी चांगली हिरवीगार झालेली, पण वर सावलीच्या अंगाला बर्फ अजून बक्कळ होता. मित्र सॅकमध्ये आइस अ‍ॅक्स (बर्फात वापरायची छोटी कुदळ) आणि मायक्रोस्पाइक्स (बुटांवर चढवायचे लोखंडी दाते) कोंबत होता. मी म्हटलं, “अरे, टेकडीवर चाललोय आपण, मोहिमेवर नाही.” तो काही बोलला नाही. माझेही गेटर, म्हणजे बुटात बर्फ शिरू नये म्हणून पोटरीवर बांधायची आवरणं, मात्र त्यानेच आठवणीने घेतले.

वेळेचा हिशेब मी नेस्मिथच्या ठोकताळ्याने केला होता. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली सांगितलेला हा हिशेब सोपा आहे: चालायला ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला वरून एक तास. आमचं जाऊन-येऊन १० किलोमीटर आणि चढ ६०० मीटर, म्हणजे तीन तास. दुपारी घरी! कागदावर छानच दिसत होतं.

पहिल्या पट्ट्यावर पाय ठेवला तर बर्फ फरशीसारखा टणक. रात्र निरभ्र गेली होती. ढगांचं पांघरूण नसलं की बर्फातली उष्णता सरळ आकाशात निघून जाते, आणि हवा शून्याच्या जरा वर असली तरी बर्फाचा पृष्ठभाग गोठतो. आदल्या दिवशी वितळलेलं पाणी गोठून कण एकमेकांना घट्ट धरतात. बुटाची जेमतेम कड बसत होती. मुकाट्याने स्पाइक्स चढवले, आणि मग काय मजा! करकर आवाज करत तासाभरात निम्मा डोंगर मागे टाकला. एवढा सुखाचा चढ मला आठवत नाही.

माथ्याच्या अलीकडे एक घळ आहे. एरवी तिथला ओढा दोन उड्यांत पार होतो. आता घळ काठोकाठ पांढरी भरलेली, वरून अगदी गुळगुळीत. मी पुढे निघालोच होतो, तर मित्राने सॅकचा पट्टा धरून मागे ओढलं. “ऐक.” पायाखालून, खोलवरून, खळखळ येत होती. ओढा बर्फाला खालून खात असतो. उरते ती नुसती कमान, आणि ती वीतभर जाड आहे की पुरुषभर, हे वरून ओळखता येत नाही. काठावर उभं राहून काठी टोचली. दोनदा अडली. तिसऱ्यांदा मुठीपर्यंत आत गेली आणि भोकातून गार हवा तोंडावर आली.

खडकाळ सोंडेने वळसा घालून ओढ्याच्या उगमाच्या वरून गेलो. त्यात सव्वा तास गेला. माथ्यावर साडेबारा. वारा नव्हता, ऊन कडक. शेजारच्या उतारावरून बर्फाची छोटी छोटी चाकं आपोआप गरगरत खाली येत होती. दिसायला गोड, पण बर्फ ओला होऊन सुटू लागल्याची ती खूण. बहुतेक हिमप्रपात ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात आणि तो उतार नेमका तेवढाच. ती बाजू सोडून आम्ही सोंडच धरली.

सकाळची फरशी एव्हाना भिजल्या भुशासारखी झाली होती. चार पावलं बरी, पाचव्याला मांडीपर्यंत आत. मला वाटलं, खडकाजवळ पाय टाकावा, तिथे आधार असेल. नेमकं उलटं! उन्हात खडक तापतो, भोवतीचा बर्फ वितळवतो आणि कडेला पोकळी करून ठेवतो. माझा उजवा पाय असा गेला की बूट दोन दगडांच्या मध्ये अडकला. ओढला तर गुडघा पिळवटायला लागला. वितळलेलं पाणी बुटात शिरत होतं. मित्राने शांतपणे आइस अ‍ॅक्स काढला आणि त्याच्या पात्याने दहा मिनिटं माझ्या पायाभोवती खणत बसला. सकाळच्या मोहिमेचा विषय त्याने काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

पुढचे २०० मीटर उतरायला तास लागला. घरी पोचलो साडेपाचला.

राहता राहिलं ऊन. कपाळाला आणि गालांना सनस्क्रीन चोपडलं होतं, टोपी होती, गडद चष्माही होता. पण ताजा बर्फ अतिनील किरणं ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. जुना तेवढी नाही, तरी पुष्कळ फेकतो. म्हणजे ऊन खालूनही लागतं. रात्री आरशात पाहिलं तर हनुवटीची खालची बाजू आणि नाकपुड्यांची आतली कड लालभडक. तीन दिवस शिंकायची सोय नव्हती.