ए-लेव्हल स्पॅनिश: गुण नेमके कुठे जातात

इंग्लंडमध्ये सिक्स्थ फॉर्मला (म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत) स्पॅनिश घेतलं की दोन वर्षांनी ए-लेव्हल परीक्षेचे तीन पेपर द्यावे लागतात. एक्यूए या परीक्षा मंडळाची गुणविभागणी अशी: ऐकणं, वाचन व भाषांतर ५० टक्के, लेखन २०, तोंडी ३०.

लेखनाच्या दोन तासांत दोन निबंध असतात, प्रत्येकी साधारण ३०० शब्दांचे. एक साहित्यकृतीवर, दुसरा चित्रपटावर किंवा दुसऱ्या साहित्यकृतीवर. शब्दकोश चालत नाही. कथानक सांगत बसलात की गुण गेलेच; मुद्दा मांडा, लगेच प्रसंगाचा पुरावा द्या.

खरी दमछाक करतं ते सबजंक्टिव्ह, म्हणजे अजून न घडलेल्या किंवा कल्पनेतल्या गोष्टींसाठी वापरलं जाणारं क्रियापदाचं रूप. 'कुआंदो' (जेव्हा) नंतर भविष्यातली गोष्ट असेल तर 'येगारा' (येईल, हे साधं भविष्यकाळी रूप) नव्हे, 'येगे' हे सबजंक्टिव्ह रूप. 'जर असतं तर' म्हणताना 'सी' (जर) नंतर 'तेंद्रीया' लिहिणं ही नेहमीची चूक. हवं 'सी तुव्हिएरा', आणि 'तेंद्रीया'सारखं रूप दुसऱ्या भागात. मराठीत दोन्हीकडे 'असतं' येतं, म्हणून आपला गोंधळ अंमळ जास्तच!

तोंडी परीक्षेत स्वतः केलेल्या संशोधनावर बोलायचं असतं; त्याचा विषय स्पॅनिशभाषक देशाशीच जोडलेला हवा. 'पर्यटन' फार पसरट; 'बार्सिलोनातील पर्यटकांना भाड्याने दिली जाणारी घरं' यावर नऊ-दहा मिनिटं वाद घालता येतो. सादरीकरण जेमतेम दोन मिनिटांचं, ते घोकू नका. परीक्षक उलटप्रश्न विचारतातच.