परका नेमका कोण?

सोमवार, रात्र

अमेरिकन सुपरहिरो चित्रकथांत स्थलांतरित कुठे आणि कसा दिसतो, ते मूळ अंकांत पाहायचं आहे. म्हणून 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक पुन्हा काढला; सुपरमॅन पहिल्यांदा आला तो यातच. मुखपृष्ठावर जून १९३८, किंमत १० सेंट. दुकानात मात्र तो एप्रिलमध्येच आला होता. त्या काळी मुखपृष्ठावरचा महिना म्हणजे अंक मांडणीतून कधी उचलायचा याची विक्रेत्यासाठीची खूण. हे ध्यानात ठेवलं नाही की पुढचा सगळा कालक्रम दोन-तीन महिन्यांनी घसरतो.

सुपरमॅनची गोष्ट १३ पानांची. त्यात त्याच्या मूळ ग्रहाच्या वाट्याला आली आहे एक चौकट. ग्रहाला नाव नाही, बापालाही नाही, आईचा तर उल्लेखच नाही. ग्रह म्हातारपणाने नष्ट झाला, शास्त्रज्ञाने घाईघाईत बनवलेल्या यानात बाळ ठेवून पाठवलं. पुढच्या चौकटीत रस्त्याने जाणाऱ्या मोटारवाल्याला ते सापडतं आणि तो ते अनाथालयात देतो. त्याला वाढवणारे केंट पती-पत्नी इथे नाहीतच, ते १९३९ च्या उन्हाळ्यात 'सुपरमॅन'च्या पहिल्या अंकात येतात. मग लगेच पराक्रमांची यादी: अष्टमांश मैल, म्हणजे साधारण २०० मीटर उडी, २० मजली इमारत ओलांडणं, आगगाडीपेक्षा वेगाने धावणं. उडणं अजून नाही.

मायदेशाची आठवण, परतीची ओढ, यातलं एक अक्षर नाही. 'स्थलांतरितांची सर्वांत मोठी गोष्ट' म्हणून हा अंक दाखवला जातो तेव्हा नंतरच्या अर्धशतकात चढलेले थर आपण पहिल्या पानावर पाहत असतो. आपण क्रिप्टॉनचे (त्या ग्रहाला पुढे मिळालेलं नाव) आहोत हे खुद्द नायकाला कळतं १९४९ च्या अखेरीस, 'सुपरमॅन'च्या ६१ व्या अंकात. अकरा वर्षं तो कुठला हे वाचकाला ठाऊक, त्याला नाही.

मंगळवार

नागरिकत्वाच्या कागदांचा विचार डोक्यातून जाईना.

सध्याच्या अमेरिकन कायद्यात एक कलम आहे: आईबाप अज्ञात असलेलं, पाच वर्षांखालचं मूल अमेरिकेच्या भूमीवर सापडलं, तर ते जन्माने नागरिक समजायचं. मात्र ते २१ वर्षांचं होण्याआधी त्याचा जन्म बाहेर झाल्याचं कुणी सिद्ध केलं तर हक्क गेला. पुढच्या आवृत्त्यांत केंट मंडळी यान लपवून ठेवतात, ते या नजरेने वाचलं की वेगळंच दिसतं. यान म्हणजे एकमेव पुरावा. एकविसावा वाढदिवस होईपर्यंत ते कुणाच्या हाती लागता कामा नये!

१९८६ मध्ये लेखक-चित्रकार जॉन बर्न यांनी गोष्ट नव्याने मांडली तेव्हा ही अडचणही मिटवली. यानातून येतो तो कृत्रिम गर्भकोश, आणि तो उघडतो कॅन्ससमध्ये. म्हणजे जन्म अमेरिकेतला. १९९१ च्या एका वार्षिकांकात, संभाव्य भविष्याच्या कथेत, याच मुद्द्यावर न्यायालय त्याला जन्मजात अमेरिकन ठरवतं आणि तो राष्ट्राध्यक्ष होतो. हुशारी आहे, पण मला ती खटकते. उपऱ्याला आपलंसं करण्याऐवजी तो उपरा नव्हताच असं ठरवून मोकळं व्हायचं!

आता ज्यांनी हा नायक घडवला त्यांचे कागद. जेरी सीगल यांचे आईवडील लिथुएनियातून आलेले ज्यू. जो शूस्टर यांचा जन्म टोरांटोचा, वडील रॉटरडॅमचे, आई कीवची. शूस्टर कुटुंब क्लीव्हलंडला आलं ते १९२४ च्या सुमारास. त्याच वर्षीच्या स्थलांतर कायद्याने प्रत्येक देशाचा वार्षिक कोटा १८९० च्या जनगणनेतल्या त्या देशाच्या लोकांच्या २ टक्के ठरवला. १८९० का? तेव्हा पूर्व आणि दक्षिण युरोपातले लोक अमेरिकेत कमी होते, म्हणून. वर्णाचा वा धर्माचा शब्द न काढता दार कसं लावायचं, याचा तो नमुना. मार्च १९३८ मध्ये या दोघांनी एका कागदावर सह्या केल्या: १३ पानं, पानाला १० डॉलर, एकूण १३० डॉलर. तेवढ्यात सुपरमॅनचे सगळे हक्क गेले.

बुधवार

आज 'ॲक्शन कॉमिक्स'चा तिसरा अंक, ऑगस्ट १९३८. माझ्या मते या विषयावर एकच अंक वाचायचा असेल तर हा.

खाणीत दरड कोसळते. जखमी कामगाराचं नाव स्टॅनिस्लाव कोबर. क्लार्क केंट, म्हणजे साध्या वेशातला सुपरमॅन, बातमीदार म्हणून त्याची मुलाखत घ्यायला जातो आणि स्टॅनिस्लाव तुटक इंग्रजीत सांगतो की खाण धोक्याची आहे हे महिन्यांपासून ठाऊक होतं, तक्रार केली की मुकादम म्हणायचा, नोकरी नको तर चालू लाग. पुढे सुपरमॅन खाणकामगाराच्या वेशात आत शिरतो, मालकाला आणि त्याच्या मेजवानीतल्या पाहुण्यांना खाणीत अडकवतो, धोक्याची घंटा वाजत नाही आणि हत्यारं गंजलेली आहेत हे मालकाला आपल्याच जिवावर बेतल्यावर उमगतं.

इथे स्थलांतरित कोण? परग्रहावरून आलेला माणूस बिनचूक इंग्रजी बोलतो, वर्तमानपत्रात नोकरी करतो, त्याला आडनावाचं स्पेलिंग कुणी विचारत नाही. पोलंडकडच्या नावाचा माणूस मात्र तोंड उघडताच परका ठरतो. सीगल यांच्या आसपास क्लीव्हलंडमध्ये अशी नावं, असे उच्चार भरपूर असणार. त्यांनी ती बोली नायकाला दिली नाही, जखमीला दिली. खाणीत उतरताना नायक जो वेश चढवतो तो याच माणसांचा, आणि काम झालं की उतरवतो.

एक नेहमीची चूक इथेच नोंदवून ठेवतो. सुपरमॅनच्या क्रिप्टॉनवरच्या नावातला, 'काल-एल'मधला 'एल' म्हणजे हिब्रूतला देव, म्हणून नाव आधीपासूनच ज्यू, असं सर्रास लिहिलं जातं. जानेवारी १९३९ पासूनच्या वर्तमानपत्री चित्रमालिकेत बापाच्या नावापुढे होतं नुसतं एक रोमन अक्षर, एल. 'ई' आणि 'एल' ही जोडी आली १९४२ मध्ये, जॉर्ज लोथर यांच्या कादंबरीत. देवनागरीत दोन्ही सारखंच दिसतं, त्यामुळे मराठी वाचकाला फरक कळायलाच मार्ग नाही. निर्माते ज्यू होते हे खरं. पण या एका अक्षरावर एवढा मोठा इमला चढवू नये.

गुरुवार

अमेझॉन स्त्रियांच्या बेटावरून अमेरिकेत आलेल्या वंडर वूमनकडे कागद कुठून आले, हे 'सेन्सेशन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात (जानेवारी १९४२) चक्क दाखवलं आहे. रुग्णालयाबाहेर एक परिचारिका रडत असते. नाव डायना, चेहरा हुबेहूब वंडर वूमनसारखा. नवऱ्या मुलाला दक्षिण अमेरिकेत काम मिळालंय, पण परिचारिकेकडे तिकडे जायला पैसे नाहीत. नायिकेकडे रंगमंचावर गोळ्या अडवण्याचे खेळ करून मिळवलेली रक्कम असते. ती पैसे देते, बदल्यात परिचारिकेची ओळखपत्रं घेते आणि त्याच नावाने कामावर रुजू होते. नंतर कळतं, आडनाव प्रिन्स.

सोप्या शब्दांत, दुसऱ्याच्या कागदांवर नोकरी. अमेरिकेच्या झेंड्याचे तारे अंगावर मिरवणारी नायिका हे करते आणि चित्रकथेत कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. एकीला देश सोडायचाय, दुसरीला त्यात शिरायचंय, मधे पैसे आणि कागद. व्यवहार इतका खरा आहे की लेखकाने तो सहज लिहून टाकला याचंच नवल वाटतं.

शुक्रवार

'ब्लेझिंग कॉमिक्स', १९४४. चित्रकार चू हिंग, नायक ग्रीन टर्टल, चीनमध्ये जपानी सैन्याशी लढणारा. पाच अंकांत त्याचा चेहरा नीट दिसत नाही. कधी पाठमोरा, कधी चेहऱ्यापुढे स्वतःचाच हात, कधी अंगरखा आडवा. सोबतच्या पोराला तो आपली जन्मकथा सांगू लागतो आणि दर वेळी काहीतरी मधे येतं. आजूबाजूच्या चिनी पात्रांना पिवळट रंग, नायकाच्या उघड्या अंगाला मात्र भडक गुलाबी.

प्रकाशकाला चिनी नायक नको होता आणि चित्रकाराने असा सूड उगवला, ही कथा प्रसिद्ध आहे. ऐकीव म्हणूनच ती घ्यावी. पानावर आहे ते पुरेसं बोलकं आहे. १८८२ पासून चिनी मजुरांना अमेरिकेत बंदी होती. डिसेंबर १९४३ मध्ये ती उठली आणि कोटा ठरला वर्षाला १०५ माणसांचा. एवढं दार उघडलं त्यानंतरच्या काही महिन्यांत हा पाठमोरा नायक छापून आला.

शनिवार, उशिरा

'जायंट-साइझ एक्स-मेन', १९७५. लेखक लेन वाइन, चित्रकार डेव्ह कॉक्रम. देशनिहाय कोटा १९६५ च्या कायद्याने गेला होता, दहा वर्षांनी हा संघ: सायबेरियाच्या सामुदायिक शेतावरचा कोलोसस, जर्मनीचा नाइटक्रॉलर, केनियातून स्टॉर्म, जपानचा सनफायर, कॅनडाचा वुल्व्हरीन. संघ जमवणारे प्राध्यापक झेवियर मनोशक्तीने सगळ्यांना एका झटक्यात इंग्रजी शिकवतात. सुपरमॅनला कागद फुकट मिळाले, यांना भाषा.

पण मग कोलोससच्या संवादाच्या फुग्यात 'तोवारिश' (रशियन 'मित्रा') आणि नाइटक्रॉलरच्या फुग्यात 'माइन गॉट' (जर्मन 'अरे देवा') कशाला? वर्षानुवर्षं हे चालतं. परकी भाषा शिकणाऱ्याला 'मित्र' हा शब्द पहिल्या आठवड्यात येतो, अडतं ते व्याकरणात आणि अवघड शब्दांत. इथे उलटं: लांबलचक वाक्य अस्खलित इंग्रजीत, आणि 'मित्रा' तेवढं रशियनमध्ये. पात्र परदेशी आहे हे वाचकाला दर पानावर आठवून द्यायचं आणि वाचायला त्रासही होऊ द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम. स्टॅनिस्लावची तुटकी वाक्यं कानाला त्याहून खरी वाटतात. स्टॉर्मची गंमत निराळी. पुढच्याच वर्षी, १०२ व्या अंकात कळतं की तिचे वडील अमेरिकन आणि जन्म न्यूयॉर्कचा. पुन्हा तेच, कागद आधीपासूनच तयार!

रविवार

शेवटी बेन ग्रिम. 'फँटॅस्टिक फोर'च्या पहिल्या अंकापासूनचा (नोव्हेंबर १९६१) नायक, दगडी कातडीचा. तो यान्सी स्ट्रीटवरचा, हे पुढच्या अंकांत येतं. ही काल्पनिक गल्ली बेतलेली आहे न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधल्या डिलान्सी स्ट्रीटवर, चित्रकार जॅक कर्बी लहानाचे मोठे झाले तो भाग. कर्बींचं मूळ नाव जेकब कर्ट्झबर्ग, वडिलांचं नाव बेंजामिन. लेखक स्टॅन ली मूळचे स्टॅन्ली लीबर. दोघांनी आपली नावं छाटून छापली आणि पात्राचा धर्म छापलाच नाही.

तो छापला गेला २००२ मध्ये. बेन जुन्या गल्लीत येतो, लहानपणी चोरलेली डेव्हिडच्या ताऱ्याची साखळी म्हाताऱ्या सावकाराला परत करायला. म्हातारा कोसळतो तेव्हा बेन हिब्रू प्रार्थना म्हणतो, अडखळत, पण पाठ आहे. म्हातारा शुद्धीवर येऊन विचारतो, कधी सांगितलं का नाहीस? लाज वाटते का? बेन म्हणतो, तसं नाही. लोकांना ज्यू म्हणजे माझ्यासारखे राक्षस वाटायला नकोत.