सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या आधीचं जेवण

आम्ही चौघी एकत्र जेवायला बसायचा योग तीन वर्षांनी आला होता. मुंबईची मैत्रीण भावाच्या वास्तुशांतीला दोन दिवस सोलापूरला आली होती आणि शनिवारी रात्रीच्या सिद्धेश्वरने परत निघणार होती. गाडी साडेदहाच्या पुढे सुटते, म्हणून आठला हॉटेलात बसायचं आणि साडेनऊला उठायचं असं ठरलं. तिची फर्माईश एकच होती: काळ्या मसाल्यातलं मटण, तव्यावरची गरम ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी. होटगी रोडवरचं हॉटेल मीच सुचवलं. आदल्या दिवशी फोन करून टेबलही सांगून ठेवलं, त्यामुळे पुढे जे झालं ते मला जास्त लागलं.

आठला पोचलो तर आमच्या टेबलावर दुसरंच कुटुंब बसलेलं. काउंटरवरचा माणूस वहीत बघून म्हणाला, "पाच मिनिटं थांबा मॅडम." पाचाची वीस झाली. बसलो तेव्हा टेबल पुसलेलं नव्हतं, आधीच्या लोकांचा रस्सा तसाच सांडलेला. पाणी मागितलं, ते साडेआठला आलं. ऑर्डर घ्यायला कोणी येईना, म्हणून आमची बँकेतली मैत्रीण उठून काउंटरवर गेली. मी घड्याळाकडे बघत होते आणि मुंबईची मैत्रीण माझ्याकडे बघून "राहू दे गं, होईल," म्हणत होती.

सव्वानऊच्या पुढे मटण आलं. भाकरी नाही, ताटं नाहीत, कांदा-लिंबू नाही. नुसता रस्सा समोर ठेवून कोणी जेवत नाही. पंधरा मिनिटांत वरचा तेलाचा तवंग थिजला आणि कडेला चरबीची पांढरी रेघ धरली. आठ भाकऱ्या सांगितल्या होत्या, चार आल्या, त्याही गार. ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरली की लगेच खायची, गार झाली की चिवट होते. कडक भाकरीची गोष्ट वेगळी, ती वाळवूनच करतात आणि रस्स्यात चुरून खातात. आमच्या ताटातली ना गरम होती, ना कडक. शेंगाची चटणी आलीच नाही. सोलापुरातल्या हॉटेलात तीनदा मागूनही शेंगाची चटणी येत नाही, हे मी आजही कुणाला सांगितलं तरी विश्वास बसत नाही.

वाढणाऱ्या पोराबद्दल मात्र माझी तक्रार नाही. मी मोजलं, अकरा टेबलांना ते एकटंच होतं. सतरा-अठरा वर्षांचं असेल, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. दर वेळी "आलो अक्का, आलो," म्हणायचं आणि वाटेतच दुसरं कोणीतरी त्याला अडवायचं. आमची शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू वस्तीतली मैत्रीण त्याच्याशी तेलुगूत बोलली तेव्हा कळलं की दुसरा वाढपी दोन दिवसांपासून सुट्टीवर आहे आणि त्याच्या जागी कोणी बोलावलेलंच नाही. शनिवारी रात्री भरलेल्या हॉटेलात असं करणं हा मालकाचा निर्णय होता. म्हणून आम्ही ठरवलं, जे बोलायचं ते मॅनेजरशीच बोलायचं, पोरावर आवाज चढवायचा नाही.

पावणेदहाला बिल मागितलं, ते दहाला आलं. पदार्थांचे २,३६० रुपये, त्यात न आलेल्या चार भाकऱ्यांचे १२० धरलेले. त्याखाली दहा टक्के सर्व्हिस चार्ज, २३६ रुपये. आणि या सगळ्यावर पाच टक्के जीएसटी. एकूण २,७२६.

सर्व्हिस चार्ज हा सरकारी कर नाही, हॉटेलवाले स्वतः लावतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत: हॉटेलने तो बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावानेही घ्यायचा नाही आणि पदार्थांच्या रकमेत मिळवून त्यावर जीएसटीही लावायचा नाही. द्यायचा की नाही हे गिऱ्हाइकाने ठरवायचं. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ च्या निकालात या सूचना कायम ठेवल्या. बँकेतल्या मैत्रिणीने हे सगळं मॅनेजरला शांतपणे सांगितलं. त्याचं एकच पालुपद, "सिस्टीममधूनच येतं मॅडम, काढता येत नाही."

दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. गाडी चुकवून भांडण्यात अर्थ नव्हता. यूपीआयने पूर्ण पैसे भरले, छापील बिल मागून घेतलं, त्याचा फोटो काढला आणि न आलेल्या भाकऱ्यांपुढे पेनाने खूण करून मॅनेजरची सही घेतली. ही सही घ्यायचं त्या घाईत सुचलं, ते पुढे फार उपयोगी पडलं. सात रस्त्याला रिक्षा अडकली तेव्हा चौघीही गप्प होतो. गाडी मिळाली. ती डब्यात चढली तेव्हा तिच्या पोटात अर्धी भाकरी होती. तीन वर्षांच्या गप्पांतलं आम्ही काहीच बोललो नव्हतो.

सोमवारी सकाळी मी १९१५ ला फोन लावला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलता येतं. हॉटेलचं नाव-पत्ता, तारीख, बिल नंबर, रक्कम आणि आपल्याला नेमकं काय हवं, एवढं विचारतात. मी सांगितलं, सर्व्हिस चार्ज, न वाढलेल्या भाकऱ्यांचे पैसे आणि या दोन्हींवरचा जीएसटी परत हवा, मिळून ३७४ रुपये. तक्रारीचा नंबर मेसेजवर आला, बिलाचा फोटो ऑनलाइन जोडला. हेल्पलाइन निकाल देत नाही, तक्रार समोरच्याकडे पाठवून तडजोडीचा प्रयत्न करते. तिथे जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग असतो आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही. माझी तिकडे जायचीही तयारी होती.

तशी वेळ आली नाही. बाराव्या दिवशी त्याच मॅनेजरचा फोन आला, दिलगिरी व्यक्त केली आणि ३७४ रुपये खात्यावर आले. "पुन्हा या मॅडम, या वेळी तक्रारीला जागा ठेवणार नाही," म्हणाला.

मी विचारलं, "शनिवारी वाढायला किती जण असतात आता?"

तो जरा थांबला. "दोन," म्हणाला.

"आधी चार करा," मी म्हटलं, "मग येतो."