काचेला दोन तास, कागदाला अकरा दिवस

आधी हेच सांगतो: गाडीच्या काचांना ऊन अडवणारी फिल्म लावून घेतली तर पूर्ण पैसे देऊन मोकळे होऊ नका. बिलाचा कागद हातात पडेपर्यंत हजार-पाचशे तरी अडवून ठेवा. मी सगळे देऊन बसलो आणि तिथंच फसलो.

मे महिन्यात नागपुरात दुपारी उन्हात लावलेली गाडी काढायची म्हणजे काय, ते इथल्यांना सांगायला नको. स्टिअरिंगला दुपट्टा गुंडाळून पहिली पाच मिनिटं चालवायची. एसीचा गारवा जाणवेपर्यंत बर्डीचा बाजार येतो आणि आपण उतरतो. आई म्हणाली, "काळ्या करून घे नं बाप्पा काचा." काळ्या करायच्याच नव्हत्या. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गाड्यांच्या काचांवरच्या फिल्म बंद केल्या तेव्हा मामाच्या गाडीची फिल्म भर रस्त्यात ब्लेडनं खरवडताना मी पाहिली आहे. पण २०२१ पासून नियम बदलला आहे. मानकात बसणारी फिल्म असेल, आणि पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांमधून किमान ५० टक्के उजेड आत येत असेल तर चालतं, असं केरळ उच्च न्यायालयानंही २०२४ मध्ये सांगितलं. आता चौकात उन्हात उभ्या वाहतूक पोलिसाला मी निकालपत्र वाचून दाखवणार का? म्हणून कागद हवा होता.

दुकानं चार पाहिली. तिघांनी "चालते भाऊ, कोणी नाही पकडत" म्हटलं. चौथ्याकडे उजेड मोजायचं मीटर होतं, म्हणून तिथं थांबलो.

इथं एक हिशेब कोणी सांगत नाही. नुसती काचसुद्धा शंभर टक्के उजेड आत सोडत नाही. माझी बाजूची काच फिल्म लावण्याआधीच मीटरवर ७८ टक्के भरली. तिच्यावर ७० ची, म्हणजे ७० टक्के उजेड सोडणारी फिल्म लावली की ७८ चे ७० टक्के, म्हणजे साधारण ५५. बाजूला बसलं. तीच समोर लावली असती तर? तिथं ७० हवेत. दुकानदार मात्र "७० चीच तर आहे" म्हणून समोरही लावायला निघाला होता. मी पुढची-मागची दोन्ही सोडली, उभी केली की समोर पुठ्ठा लावतो. सांगायचं एवढंच की फिल्मच्या खोक्यावरचा आकडा कामाचा नाही. लावल्यानंतर काचेवर मीटर धरून जो येतो तो खरा, आणि तोच बिलावर हवा.

तेच बिल. चार काचा दोन तासांत झाल्या, मीटरवर ५४-५५ दिसले, मी खूश होऊन पैसे पाठवले. "बिल सोमवारी घेऊन जा, प्रिंटर बंद आहे." सोमवारी प्रिंटर बंद. बुधवारी प्रिंटर सुरू, पण सही करणारे सर गोंदियाला लग्नात. शुक्रवारी सर होते, त्यांनी मला चहा पाजला, आणि म्हणाले, "असं लिहून कोणी मागतच नाही हो. काहून टेन्शन घेता?" मी म्हटलं, भाऊ, मीटर तुमचं, आकडा तुमचा, लिहायला काय जातं? त्यांनी ‘सन फिल्म – ४ नग’ असं लिहून दिलं. ना कंपनीचं नाव, ना टक्के, ना गाडीचा नंबर. परत केलं. पुढच्या मंगळवारी सगळं छापून आलं, फक्त एमएच ४९ च्या जागी एमएच ३१. काउंटरवरचा पोरगा पेन काढून ३१ वर ४९ गिरवायला लागला. त्याच्या हातातून कागद ओढला तेव्हा माझा आवाज चढला होता, खोटं कशाला बोलू. अकराव्या दिवशी नीट बिल मिळालं. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आरसीच्या मागे ठेवलं आहे, मोबाईलमध्ये फोटोही आहे.

फरक पडला का? पडला. बाहेरून पाहणाऱ्याला फिल्म लावली आहे हे कळतही नाही, पण उजव्या हाताला बसणारा चटका गेला. उन्हाची जवळपास निम्मी उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांतून येते, ते अडवणारी फिल्म काळी असायची गरज नसते. ती महाग पडते. गाडी मात्र तापतेच, दुपट्टा अजून लागतो.

पहिले काही दिवस काचेत धुरकट डाग दिसतील, ते आत राहिलेलं पाणी आहे, वाळतं. धुळीचा कण अडकला असेल तर तो जात नाही, म्हणून दुकान सोडण्याआधी बोट फिरवून पाहा.

हो, आणि निदान तीन-चार दिवस काचा खाली करू नका. हे मला सांगितलं होतं, मी घरी सांगायचं विसरलो. मुलानं दुसऱ्याच दिवशी पाणीपुरीवाल्याला हाक मारायला काच खाली केली. मागच्या डाव्या काचेवर फिल्मचा कोपरा नखाएवढा उचलला आहे. दुकानात दाखवलं तर चिकटवून देतील बहुतेक. पण तिथं पुन्हा कोण जाईल!